होळीपर्यंतच्या गोळ्या

२३ सप्टेंबर २०२४, नाशिक

आयुष्यात पहिल्यांदा सरकारने मला कुठेतरी पाठवलं. सहा दिवसांचं प्रशिक्षण आहे, 'अत्यावश्यक औषधांचे पुरवठा व्यवस्थापन'. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मी आले कारण औषधनिर्माता मी एकटीच आहे, आणि डॉक्टर रंजिता मॅडमना कुणाला तरी पाठवायचंच होतं. निवड झाली असं आईला सांगितलं आहे. तेवढं चालतं.

शिकवणारे भूपेंद्र सर. बारीक चष्मा, बारीक आवाज, पण बोलतात ते डोक्यात बसतं. औषध पडून राहिलं की मेलं, म्हणाले. एका ठिकाणी साठून राहतं म्हणून दुसऱ्या ठिकाणी माणूस रिकाम्या हाताने परत जातो. मी वहीत अधोरेखित करून ठेवलं. जूनमध्ये अक्कलकुवा तालुक्यातल्या त्या डोंगरातल्या केंद्रात रुजू झाल्यापासून मी फक्त खोकी मोजते आहे. ती मोजायची कशासाठी असतात, ते आज कळलं.

जेवणात भात गार होता. बाकी व्यवस्था उत्तम.

२६ सप्टेंबर

आजच्या सरावात मी पहिली आले. एका केंद्राचा वर्षभराचा खप दिला होता आणि पुढची मागणी काढायची होती. शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी काढायची आणि तिच्यावरून मागणी ठरवायची. जास्तीचा साठा असेल तो परत पाठवायचा. रुग्णाला एका वेळी एकाच महिन्याचं द्यायचं. मी अकरा मिनिटांत केलं. सरांनी माझा कागद सगळ्यांना दाखवला. मान खाली घातली, पण हसू आवरेना.

मग 'लपवलेला साठा' या विषयावर तास झाला. सर म्हणाले, प्रत्येक केंद्रात कुठेतरी एक कपाट, एक पेटी, एक पिशवी असतेच. अडीअडचणीला म्हणून कुणीतरी बाजूला काढून ठेवलेली. ती नोंदीत नसते, म्हणून वरच्याला खरी गरज कधीच कळत नाही. परत गेल्यावर पहिलं काम ती पेटी शोधायचं.

मेळघाटाकडच्या एक ताई उठल्या आणि विचारलं, आमची माणसं सहा महिने गावातच नसतात, त्यांचं काय करायचं? सर म्हणाले, सरासरीत सगळं येतं. ताई पुन्हा काहीतरी म्हणू लागल्या, तोवर चहा आला. लोकांना प्रश्न विचारायची वेळ कळत नाही.

१ ऑक्टोबर

पेटी सापडली. पेटी नाही, डबा. टोस्टचा पत्र्याचा मोठा डबा, औषधखोलीतल्या उंच फळीवर, जुन्या पंख्याच्या पात्यांमागे. आत सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या गोळ्या, म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. स्ट्रिपा रबराने दहा-दहाच्या गठ्ठ्यात बांधलेल्या. मोजल्या तर बरोबर बाराशे.

मेहबूबचाचांना विचारलं. ते इथले शिपाई, तळोद्याचे, अठ्ठावीस वर्षांची नोकरी. माझ्याआधीचे तीन औषधनिर्माते त्यांनी पाहिले आणि तिघांनाही सांभाळलं. मला वाटलं घाबरतील. ते हातातला चहा संपवून म्हणाले, "हाऊ होळीना डबा शे, मॅडम."

महिन्याला थोड्या थोड्या गोळ्या 'दिल्या' म्हणून लिहायच्या आणि डब्यात टाकायच्या, असं वर्षभर चालतं म्हणे. माझ्या सहीच्या नोंदवहीत, माझ्या नाकाखाली.

"हे चुकीचं आहे, चाचा."

"व्हई ना चुकीनं," ते म्हणाले. "पण आपला लोके दिवाळीनंतर ऊसतोडीले गुजरातमा जातस. होळीले येतस. तवपावत त्यास्नी काय खावानं?"

"तठे बी सरकारी दवाखाना शेच ना," मीही त्यांच्याच बोलीत म्हटलं.

"शे ना. पण फडवरथून सोडस कोण?"

भूपेंद्र सर म्हणाले होते की जुनी माणसं नेहमी एखादी गोष्ट सांगतील. हे मला आठवलं म्हणून बरं.

५ ऑक्टोबर

डबा नोंदीत घेतला. रंजिता मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चारुलता, नक्की ना?" मी म्हटलं, शंभर टक्के. त्या ओपीडीतून एका मिनिटासाठी उठल्या होत्या. त्यांनी सही केली.

आकडा भरल्याबरोबर संगणकावर जिल्ह्याच्या यादीतली आमची ओळ लाल झाली. 'अतिरिक्त साठा'. लाल पाहून मला उलट बरं वाटलं. खोटं हिरवं असण्यापेक्षा खरं लाल चांगलं.

मेहबूबचाचांनी डबा धुऊन, पुसून, उपडा करून पुन्हा फळीवर ठेवला. मी म्हटलं, आता काय करायचा तो? ते झाडू घेऊन बाहेर गेले. रुसले असतील.

१४ ऑक्टोबर

वरच्या भांडाराची गाडी येऊन अतिरिक्त साठा घेऊन गेली. पलीकडच्या तालुक्यात कुठेतरी कमी होता म्हणे. आमची ओळ हिरवी झाली. भूपेंद्र सरांना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

३ नोव्हेंबर, कळसाडी

दिवाळीला घरी आले. आमच्या वावरातला ऊस यंदा माणसापेक्षा उंच झालाय. तोडणारी टोळी कालच आली. डोंगरातलीच माणसं, दरवर्षी येतात. लहानपणापासून पाहते आहे, घराच्या मागच्या बाजूला पालं पडतात आणि संध्याकाळी धूर येतो.

दुपारी पलंगावर पडले होते तर आई आली. "काय करी ऱ्हायनी तू? सुट्टीमा बी फोनच देखस. पालवरनी बाई उनी शे. तिन्ही पोरगीना हातपाय दुखी ऱ्हायनात. तुन्हाजोडे गोळी व्हई ते दे."

पोरगी सातेक वर्षांची. डोळे जरा पिवळट. पॅरासिटामॉल दिली, भरपूर पाणी पाज म्हटलं. आईला माझा फार अभिमान वाटला. रात्री चिवडा खाऊन पोट बिघडलं.

८ नोव्हेंबर

आज गजराबाई आली, गजराबाई वसावे, वरच्या पाड्यावरची. सोबत मोठी मुलगी मयूरी आणि धाकटी दिवली. मयूरी सतरा वर्षांची, सिकलसेल आहे, चार वर्षांपासून गोळी चालू. दहावी पास. त्या घरात अक्षर वाचणारी तीच. खिडकीवरचे सगळे फलक वाचते, मग माझ्याकडे बघून हसते. एकदा मी 'ओआरएस'चा फलक चुकीचा लिहिला होता तो तिनेच दाखवला. मला ती आवडते.

गजराबाई म्हणाली, "ताई, होळीपर्यंतच्या गोळ्या दे. उद्या गाडी येते आमची."

इथली माणसं सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, डॉक्टरलासुद्धा. आधी खटकायचं, आता नाही.

मी समजावलं की आता नियम बदलला आहे, एका वेळी एका महिन्याच्या मिळतात. संपल्या की तिकडच्या सरकारी दवाखान्यात हे कार्ड दाखवायचं.

"आणि तिथे नाही दिल्या तर?"

"देतात. त्यांना द्याव्याच लागतात."

गजराबाईने मेहबूबचाचांकडे पाहिलं. चाचा खोकी लावत होते, त्यांनी मान वर केली नाही. मयूरी म्हणाली, "मॅडम, मुकादम बारडोलीच्या पुढे नेतो. दवाखाना कुठे ते माहीत नाही." मला वाईट वाटलं. रंजिता मॅडमकडे गेले आणि खास सही घेऊन मयूरीपुरत्या दोन महिन्यांच्या काढून दिल्या. एवढं मी नियमात बसवून केलं, याची इथे नोंद असू दे. बाकी जाणाऱ्या नऊ जणांना एकेका महिन्याच्या दिल्या.

जाताना मयूरीने विचारलं, "एक दिवसाआड खाल्ली तर चालेल का?" मी रागावले. अजिबात नाही, रोज एक, चुकली की रक्त पुन्हा बिघडतं आणि दुखणं येतं. ती 'बरं' म्हणाली.

१२ डिसेंबर

केंद्र ओस पडलंय. डोंगरातले पाडे रिकामे आहेत, म्हातारी माणसं आणि कोंबड्या तेवढ्या उरल्या. सिकलसेलच्या गोळ्यांचा खप निम्म्याहून खाली आला. संगणकाने स्वतःच पुढच्या तिमाहीची मागणी कमी करून दाखवली. किती हुशार यंत्रणा आहे. मी 'मान्य' दाबलं.

१३ जानेवारी २०२५

दिलवरसिंगचा फोन आला. मयूरीचा बाप. मागे यंत्राचा आवाज होता, नीट ऐकू येईना.

"मॅडम, पोरीच्या गोळ्या संपल्या. दुखतं तिला. छातीत पण दुखतं म्हणते."

दवाखान्यात न्या म्हटलं. म्हणाला, एकदा नेलं होतं. तिथे दुखण्याची सुई दिली, पण या गोळ्या तिथे नाहीत. मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले. मुकादम म्हणतो, टोळीतलं एक माणूस गेलं तरी गाडी भरत नाही, रविवारी बघू. मी म्हटलं, आजच न्या, छातीत दुखणं चांगलं नाही. मुकादमाला फोन द्या. मुकादमाने फोन घेतला नाही.

मग म्हटलं, मी गोळ्या पाठवते. बोलून गेले आणि मग फळीवर बघायला गेले. फळीवर एकही नव्हती. इथे राहिलेल्यांना शेवटच्या सहा स्ट्रिपा शुक्रवारी दिल्या. नवीन माल यायचा आहे, पण आमची मागणी कमी म्हणून आमचं खोकं शेवटच्या फेरीत.

१४ जानेवारी

वरच्या भांडाराला फोन केला. ते म्हणाले, तातडीची मागणी टाका. टाकली. संगणकाचा पडदा म्हणतो, 'आपल्या सरासरी खपानुसार तातडी लागू होत नाही.' पुन्हा टाकली, पुन्हा तेच. ऑक्टोबरमध्ये आमच्या गोळ्या नेलेल्या केंद्राला फोन केला. तिथला औषधनिर्माता म्हणाला, आमच्याकडे आहेत, पण हलवायला आदेश लागतो, मॅडम, तुम्हाला तर माहीतच आहे, प्रशिक्षणात तुम्ही माझ्या पुढच्याच बाकावर होता.

दिलवरसिंगला फोन लावला. उचलला नाही. आज संक्रांत. आईने तीळगूळ पाठवलाय. खाल्ला नाही.

१५ जानेवारी

तळोद्याला गेले, अक्कलकुव्याला गेले. खासगी दुकानांत ही गोळी ठेवत नाहीत, कुणी विकत घेतच नाही ना. भावाला, हेमकांतला, नंदुरबारमध्ये फिरायला लावलं. त्याचं तिथे कार्यालय आहे. जेवणाच्या सुट्टीत फिरला बिचारा.

"तीन दुकाने फिरनू, चारू. एकबी ठिकाणे नई. चौथा सांगस, उद्या भेटी. कोणले लागस एवढं?"

"एका पेशंटला."

"तुन्ही नातलग शे का ती?"

नाही म्हटलं. तो म्हणाला, मंग इतली काबर रडी ऱ्हायनी. मी रडत नव्हते. आवाज तसा येत असेल.

दिलवरसिंगने संध्याकाळी फोन उचलला. म्हणाला, आज थोडी बरी आहे, पेज प्यायली. मी तिच्याशी बोलू का विचारलं. तिला दिला. मयूरी म्हणाली, "मॅडम, मी रोज एकच खाल्ली. चुकवली नाही." मग दम लागला म्हणून फोन ठेवला.

रागावले होते मी तिला.

१७ जानेवारी

हेमकांतने तीन स्ट्रिपा पाठवल्या, तीस गोळ्या. आता न्यायचं कसं? मेहबूबचाचांचा मुलगा आफताब पिकअप चालवतो, मिरची घेऊन सुरतेला जातो. तो वाट वाकडी करून साखर कारखान्याच्या फाट्यावर जाईल म्हणाला. एरवी चाचांच्या घरात माझं कुणी तोंडही पाहू नये, अशी वागले मी त्या डब्यापायी. मी गोळ्या पाकिटात घातल्या आणि वर जाड पेनाने लिहिलं:

'मयूरी, रोज एक, जेवणानंतर. मोठ्या दवाखान्यात जाच. होळीला भेटू. — चारुलता मॅडम.'

तिलाच वाचता येतं, म्हणून मराठीत आणि मोठ्या अक्षरात.

१९ जानेवारी

आफताब परत आला. "मुकादमना हातमा दिधं, दीदी. पोरगी दिखनी नई. पालवर कोणीच नव्हतं."

रविवार ना आज. म्हणजे मुकादमाने शब्द पाळला, मोठ्या दवाखान्यात नेलं असणार. जिवात जीव आला. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

९ फेब्रुवारी

नवीन माल आला, आला म्हणजे किती, तर साठ गोळ्या. इथल्यांना वाटून संपल्या.

दिलवरसिंगचा फोन बंद लागतो. तीन आठवडे झाले. तिकडे रिचार्ज संपत असेल, किंवा फोन उसात पडला असेल.

भूपेंद्र सरांच्या संस्थेकडून पत्र आलं. आमच्या केंद्राची यशोगाथा हवी आहे, तीनशे शब्दांत. कालबाह्य औषध शून्य, लपवलेला साठा शून्य, अतिरिक्त साठा शून्य. उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणात मी शिकवायला येईन का, असंही विचारलं आहे. दोन ओळी लिहिल्या आणि कागद बाजूला ठेवला. होळीनंतर बघू.

१३ मार्च

आज होळी. होळीनिमित्तचा भोंगऱ्या बाजार भरला, ढोल कालपासून वाजतायत. जीप भरभरून माणसं डोंगरात परतली. सकाळपासून खिडकीशी रांग. दिवाळीनंतर गोळ्या नेलेल्या त्या नवांपैकी सात जण आले. सगळ्यांचा एकच प्रश्न, सगळ्यांना माझं एकच उत्तर. मागणी टाकली आहे, येईल. एकाला उभं राहवत नव्हतं, त्याला भावाने पाठीवर घेतलं होतं. रंजिता मॅडमनी त्याला सलाईन लावलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

वसावे घरचं कुणी आलं नाही.

दुपारी रांग संपल्यावर सहज कागदावर लिहिलं. मयूरी धरून दहा माणसं. दिवाळीनंतरपासून होळीपर्यंत चार महिने, म्हणजे एकशे वीस दिवस. रोज एक. बाराशे.

डब्यात होत्या तेवढ्याच, ना एक जास्त, ना एक कमी. मेहबूबचाचा चौथी शिकलेले आहेत. हा कागद मी त्यांना दाखवला. त्यांनी बघितला, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाले, "मॅडम, चहा करू का?"

मी तिथेच रडले. ते चहा करायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

१७ मार्च

गजराबाई आली. सोबत दिवली, हातात तिच्या औषधाचा नवा कागद. तिलाही सिकलसेल आहे, तपासण्या गेल्या वर्षीच झालेल्या, आता दुखणं सुरू झालं म्हणून रंजिता मॅडमनी गोळी लिहून दिली. मी खिडकीतून मागे पाहिलं. तिसरं कुणी नव्हतं.

"मयूरी?" मी विचारलं.

गजराबाई म्हणाली, "ती गेली ना, ताई. संक्रांतीच्या चौथ्या दिवशी. रविवारी नेणार होते." आवाज तिचा साधाच होता. "तिकडेच दिली मूठमाती. इकडे आणायला गाडी कोण देतो?"

संक्रांतीचा चौथा दिवस म्हणजे सतरा किंवा अठरा. मी पाकिटावर लिहीत होते तेव्हा, किंवा ते मिरचीच्या पोत्यांत वाटेवर होतं तेव्हा. काय बोलायचं असतं? चुकलं म्हणायचं? कुणाचं? मी खिडकीची चौकट धरून उभी राहिले. गजराबाईच मला म्हणाली, बस ताई, बस.

मग तिने लुगड्याच्या गाठीतून पाकीट काढलं. माझंच, न फोडलेलं, कडा मळलेल्या. "हे तुझं. मुकादमाने मागाहून दिलं. म्हटलं परत देऊ, दुसऱ्या कुणाला होईल."

रुग्णाने परत आणलेलं औषध नष्ट करायचं, असं प्रशिक्षणात शिकवलं आहे. संगणकात त्यासाठी रकाना नाही. मी पाकीट फोडून स्ट्रिपा पाहिल्या. तिन्ही धड, तारीख पुढच्या वर्षीची. फळीवर एकही गोळी नाही. जिल्ह्याची पुढची फेरी कधी, माहीत नाही. मी दिवलीचा कागद पाहिला. रोज एक.

तीस गोळ्या पुन्हा पाकिटात घातल्या. नवीन पाकीट घ्यायला हवं होतं. कोरी पाकिटं संपली आहेत, त्यांची मागणी टाकायची राहून गेली.

दिवलीच्या हातात दिलं. ती बारा वर्षांची आहे, शाळेत नाव आहे, पण वर्षातले सहा महिने फडात जातात. तिने पाकीट उलटसुलट केलं.

गजराबाईने विचारलं, "ताई, यावर लिहिलंय काय? तिकडे सगळ्यांना दाखवलं. कुणाला येईना."

मेहबूबचाचा माझ्यामागे उभे होते. त्यांनी फळीवरचा होळीचा डबा खाली काढला होता, तो त्यांच्या हातात होता.

"रोज एक," मी वाचलं. "जेवणानंतर."

"बस, एवढंच?"

"एवढंच."